वर्गातील वृत्तपत्र आणि चिकित्सक विचार

एखाद्या विधानाला पुरावा काय, ते कोणी व कोणत्या हेतूने केले, याचा शोध घेऊन मगच मत बनविणे म्हणजे चिकित्सक विचार होय. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही मुलांना भयमुक्तपणे मते मांडता यावीत, असे नमूद आहे. पाठ्यपुस्तकातील प्रश्नांची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. वृत्तपत्रातील प्रश्नांची नसतात. म्हणूनच या शिक्षणासाठी वृत्तपत्र उपयुक्त ठरते.

जालन्याचा विषय

जालना जिल्ह्यातील शाळांना असा विषय शोधायला दूर जावे लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात स्थापन केलेल्या महिको कंपनीचा बीटी कापसाशी निकटचा संबंध आहे. मार्च २००२ मध्ये केंद्राने या कापसाला परवानगी दिली. महिकोनेच विकसित केलेल्या बीटी वांग्याला मात्र जनसुनावण्यांनंतर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने राज्यातील बीटी कापसाचेही मोठे नुकसान केले. ज्या मुलांच्या घरी कापूस पिकतो, त्यांच्यासाठी ही चर्चा थेट बियाणे-खरेदीशी जोडलेली असते.

चर्चा कशी घ्यावी?

बातमी, अग्रलेख व बियाण्याची जाहिरात अशी तीन कात्रणे प्रत्येक गटाला द्यावीत. वस्तुस्थिती, मत आणि विक्रीचा दावा वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करण्यास सांगावे. ‘बीटीमुळे फवारणी थांबते’ असे विधान आढळल्यास ‘कोणत्या किडीसाठी?’ असे विचारावे. बीटी प्रथिन बोंडअळ्यांविरुद्ध काम करते. मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींवर नाही. २००२ नंतर देशातील कापसाचे उत्पादन वाढले. पण ते केवळ बियाण्यामुळे की खते, सिंचन व पाऊसमानामुळेही, हा पुढचा प्रश्न. अखेरीस गटांनी बाजू बदलून मांडणी करावी.

शिक्षकाने स्वतःचे मत शेवटपर्यंत राखून ठेवावे आणि गुण मताला नव्हे, तर पुराव्याला द्यावेत.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा बळी घेतला. अशा वेळी थांबून ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय ऐन गर्दीत लागत नाही. ती वर्गातच लावावी लागते.