‘आजीला विचारून लिहा’: एका गृहपाठाचा मागोवा

परिसर अभ्यासात एक गृहपाठ ठरलेला असतो: घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी घर कसं होतं, खायला काय असायचं, पाणी कुठून आणायचे. आपण तो ‘सोपा’ समजून रात्री जेवणं झाल्यावर उरकतो. पण साध्या माणसाच्या घराला इतिहासाच्या तासात जागा मिळायला बराच काळ जावा लागला.

बखरी आणि तवारिखांत राजे होते, लढाया होत्या, चूल नव्हती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली, की खेड्यातल्या शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं, आणि नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाहीत असे शिक्षक नेमावेत. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते वाचकाला थेट कर्जबाजारी कुणब्याच्या घरात नेतात. त्या घरातलं सामानसुमान हाच त्यांचा पुरावा. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाड्या’त बलुतेदारी तपशिलानं आली. पुण्यात दिनकर केळकर दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातल्या वस्तू जमवत राहिले आणि १९७५ साली त्यांनी तो संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीम हातकामाला शिक्षणाचं माध्यम मानू लागली. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, आणि २०१४ पासून तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या जिल्हावार आवृत्त्या निघाल्या. लातूरच्या मुलाला लातूरचं पुस्तक मिळालं.

या वंशावळीत लातूर जिल्ह्यातला शिरूर अनंतपाळ तालुका मात्र जरा बाजूला पडतो. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले, उच्च शिक्षणही उर्दूतच. म्हणून तर हिप्परग्यासारख्या राष्ट्रीय शाळांचं मोल. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिक्षक होते. निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम पुस्तकात येतो तो तारखेनिशी आणि नेत्यांच्या नावांनिशी. पण निजामाचा हाली रुपया जाऊन भारतीय रुपया आला तेव्हा बाजारात काय गोंधळ झाला, ट्रंकेतल्या उर्दू कागदावरची जमीन नेमकी कुणाची, हे घरीच विचारावं लागतं. सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.

या तालुक्यात असं विचारायला येळवशीसारखा दिवस नाही. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याची कोप उभी राहते, आत पांडव मांडतात. आंबील, भज्जी, उंडे यांवर पंगती बसतात. आता एकेका गोष्टीला प्रश्न लावून पाहा. आंबिलीला ज्वारीचं पीठ आणि ताक लागतं. घरात दुभतं जनावर आहे का? कधीपर्यंत होतं? भज्जीतला ओला हरभरा आपल्या रानातला की विकतचा? कोपीला कडबा कुठून आला? सोयाबीननं ज्वारीची जागा घेतली तिथं कडबा मागून आणावा लागतो, नाहीतर साड्या बांधून भागवतात. पिकांची अदलाबदल, बैलबारदाना मोडणं, बाजाराची ओढ हे सगळं त्या एका कोपीत दिसतं. पाचवीच्या मुलाला ते डोळ्यांनी कळतं.

घरांचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर या भागात माळवदाची धास्ती बसली आणि पत्रे, स्लॅब वाढले. ‘आपलं घर कधी बांधलं?’ या प्रश्नाचं उत्तर इथं अनेकदा ‘भूकंपानंतर’ असं येतं. तिथून मुलांना सनावळी शिकवता येते.

मात्र हा गृहपाठ जुन्या दिवसांचं कौतुक करण्यापुरता राहिला तर तो इतिहास नव्हे. आडाचं पाणी गोड होतं हे लिहून घेताना त्या आडावर कुणाला घागर बुडवू देत नव्हते, हेही विचारायला हवं. आंबिलीचं मडकं घडवणाऱ्याला बलुतं किती मिळायचं? शेतात राबणाऱ्या आजीचं नाव सातबाऱ्यावर होतं का? फुले घरात शिरले ते याच हिशेबासाठी. एकाच वर्गातल्या दोन मुलांची उत्तरं इथं जुळणार नाहीत, आणि न जुळणं हाच खरा धडा आहे. उत्तर अवघड असेल तर ते मुलाकडून सगळ्यांसमोर वदवून घेऊ नये, एवढं तारतम्य शिक्षकानं ठेवावं.

तालुक्यातल्या गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती: येत्या येळवशीला मुलांना पाच प्रश्न देऊन शिवारात पाठवा. उत्तरं तपासून वह्या परत करू नका. सांगणाऱ्याचं वय आणि तारीख घालून, घरच्यांच्या संमतीनं, त्या वह्या शाळेच्या कपाटात जपून ठेवा. दहा वर्षांत तुमच्या गावाचा असा इतिहास तयार होईल, जो पुण्या-मुंबईत बसून कुणालाही लिहिता येणार नाही.