पदवीनंतर 'पूर्णवेळ' निघायचं की नाही? तरुण हा निर्णय कशावरून घेतात

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावात पदवी हातात आली की पुढचे रस्ते जवळपास ठरलेले असतात. नांदेड किंवा पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेची तयारी, हैदराबादला नोकरी, नाहीतर घरची शेती.

काही मुलं-मुली मात्र वेगळाच विचार करतात. एखाद्या संघटनेच्या, धर्माच्या किंवा सामाजिक संस्थेच्या कामासाठी वर्ष, दोन वर्षं किंवा अख्खं आयुष्य द्यायचं. कार्यकर्त्यांच्या भाषेत याला 'पूर्णवेळ निघणं' म्हणतात.

काही जण का निघतात? आणि तितकाच विचार करून काही जण 'नाही' का म्हणतात?

पूर्णवेळ म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे आहेत.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा प्रचारक अविवाहित असतो. त्याला पगार नसतो, राहण्या-खाण्याची सोय संघटना करते आणि पाठवतील तिथे जावं लागतं. लग्न करायचं असेल तर ही जबाबदारी सोडावी लागते. थोड्या काळासाठी निघणाऱ्याला 'विस्तारक' म्हणतात. महिलांसाठी १९३६ मध्ये वर्ध्यात सुरू झालेल्या राष्ट्र सेविका समितीत प्रचारिका असतात.

१९७२ मध्ये एकनाथ रानडे यांनी सुरू केलेल्या विवेकानंद केंद्रात 'जीवनव्रती' आयुष्य देतात, तर 'सेवाव्रती' ठरावीक काळासाठी येतात. डाव्या पक्षांत अशा कार्यकर्त्याला 'होलटायमर' म्हणतात.

धर्म किंवा पक्षाशी संबंध नसलेले पर्यायही आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण' उपक्रमातून तरुण सामाजिक कामाकडे वळतात. 'टीच फॉर इंडिया'ची फेलोशिप दोन वर्षांची असते आणि त्यात मानधन मिळतं.

मराठवाड्याला हे नवीन नाही

स्वामी रामानंद तीर्थ यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत शिक्षक होते. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

या लढ्यात शाळा-कॉलेज सोडून आलेले अनेक तरुण सरहद्दीवरच्या कॅम्पमध्ये राहिले. जानेवारी १९४८ मध्ये उमरीच्या बँकेवर छापा घालण्यात आला, तो लढ्यासाठी पैसा उभा करायला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतर अनेक जण शिक्षणाकडे, वकिलीकडे, शेतीकडे परतले.

नानाजी देशमुख यांचं उदाहरण वेगळं. जन्म १९१६, आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं कडोळी गाव. तरुण वयात ते प्रचारक म्हणून उत्तर प्रदेशात गोरखपूरला गेले. त्यांनी लग्न केलं नाही आणि शेवटची वर्षं चित्रकूटमध्ये ग्रामविकासाच्या कामात घालवली. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

कॅम्पातल्या तरुणांच्या कामाला शेवट होता. नानाजींच्या कामाला तो नव्हता. निर्णय घेताना हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

निघणारे का निघतात?

विचारावरची किंवा देवावरची श्रद्धा हे पहिलं कारण. पण ते एकटं नसतं.

घरात किंवा गावात आधी कुणी निघालेलं असेल तर वाट ओळखीची वाटते. शिबिरात भेटलेला एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता आदर्श ठरतो. गावाबाहेरचं जग बघायला मिळतं, नवी भाषा येते, चार लोकांसमोर बोलायची भीती जाते. गावात मान मिळतो, हेही खरंच.

काहींना पुढे काय करायचं हेच कळत नसतं. ते शोधायला त्यांना वेळ हवा असतो.

'नाही' म्हणणाऱ्यांची कारणं

कोरडवाहू शेती, बहिणीचं लग्न, शैक्षणिक कर्ज, आजारी वडील. मोठ्या मुलावर घर अवलंबून असेल तर बिनपगारी दोन वर्षं परवडत नाहीत. जो निघतो त्याच्या वाटचं काम घरात दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.

वयाचाही प्रश्न असतो. एमपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी ३८ वर्षांची मर्यादा आहे, पण घरचे तितकी वर्षं थांबत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर लग्नाचा विषय त्याआधीच निघतो.

आणि एक कारण सहसा बोललं जात नाही. काम आवडतं, पण सगळे विचार पटत नाहीत. अशा वेळी दुसऱ्यांना ते पटवून सांगायला निघणं अनेकांना अप्रामाणिक वाटतं.

मॉर्मन तरुणांसमोरही हाच प्रश्न

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या मॉर्मन चर्चमध्ये धर्मप्रचारासाठी जाणं ही सक्षम तरुणाची जबाबदारी मानली जाते. मुलं २४ महिन्यांसाठी जातात. मुलींसाठी ते ऐच्छिक असतं आणि मुदत १८ महिने असते. २०१२ मध्ये मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ केलं गेलं.

कुठे जायचं हे चर्च ठरवतं. पगार नसतो, उलट खर्चाचा वाटा तरुणाने किंवा त्याच्या कुटुंबाने उचलायचा असतो. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा. २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली.

इथे परतीची तारीख आधीच ठरलेली असते, त्यामुळे शिक्षणाचं आणि लग्नाचं नियोजन करता येतं. पण दुसरी बाजूही आहे. समाजात सगळेच जात असतील तर न जाणाऱ्याकडे बोट दाखवलं जातं. आजारपणामुळे किंवा मानसिक ताणामुळे मुदतीआधी परतलेल्यांनाही 'का आलास?' हा प्रश्न झेलावा लागतो.

ठरवण्याआधी काय विचारावं?

• मुदत किती? ती वाढवायची की नाही हे कोण ठरवणार?
• जेवण, प्रवास आणि दवाखान्याचा खर्च कोण करणार?
• घरी अडचण आली तर लगेच येता येईल का?
• मधेच सोडलं तर संघटनेतलं नातं तसंच राहील का?
• आधी महिनाभर राहून बघता येईल का?
• मला जायचंय, की कुणाला नाही म्हणता येत नाहीये?

हे प्रश्न संघटनेच्या प्रमुखाइतकेच मधूनच परतलेल्या एखाद्यालाही विचारावेत. त्याला तिथलं रोजचं जगणं माहीत असतं.

घरच्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. निघणारा मुलगा घर टाकून चाललेला नसतो आणि न निघणारा स्वार्थी नसतो. गावात राहून नोकरी सांभाळत रविवारी शाळेत शिकवणारे, रक्तदान शिबिरं भरवणारेही कार्यकर्तेच असतात. 'नाही' म्हणायची मोकळीक असेल, तरच 'हो' हा त्या मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा निर्णय ठरतो.