ट्रॅक्टर ट्रेलरची विद्युत यंत्रणा

ट्रॅक्टर ट्रेलरची विद्युत यंत्रणा म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीतून ट्रेलरच्या मागील दिव्यांपर्यंत वीज पोहोचवणाऱ्या तारा, सॉकेट, प्लग, दिवे व अर्थिंग यांची एकत्रित जोडणी होय. ग्रामीण महाराष्ट्रात ट्रेलरला सर्रास ‘ट्रॉली’ म्हणतात. ट्रेलरला स्वतःचे इंजिन वा बॅटरी नसते. त्यामुळे मागचा लाल दिवा, ब्रेकचा दिवा आणि वळण दाखवणारे इंडिकेटर हे सर्व ट्रॅक्टरवरच अवलंबून असतात. ही यंत्रणा साधी असली तरी तिच्यातील बिघाड चालकाला दिसत नाही, कारण दिवे त्याच्या पाठीमागे असतात. बिघाड दिसतो तो मागून येणाऱ्या वाहनाला, आणि पुष्कळदा फार उशिरा. म्हणून नवीन ट्रेलर ताब्यात घेताना व प्रत्येक गळीत हंगामापूर्वी या यंत्रणेची क्रमवार तपासणी करणे आवश्यक ठरते.

## पार्श्वभूमी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा हा सहकारी साखर कारखानदारीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये झाला. नेवासा तालुक्यात सोनई येथे मुळा आणि भेंडे येथे ज्ञानेश्वर हे सहकारी साखर कारखाने आहेत. हंगामात या परिसरातील ऊस बैलगाडी, ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रेलर यांतून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत जातो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर जोडण्याची पद्धत रूढ आहे.

याच तालुक्यातील घोडेगाव हे जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर वसले आहे. शनिशिंगणापूरला जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. त्यामुळे हंगामात उसाचे ट्रेलर, बाजारात जनावरे आणणारी वाहने, भाविकांच्या मोटारी आणि लांब पल्ल्याच्या बसगाड्या एकाच रस्त्यावर येतात. यांपैकी ट्रेलरचा वेग सर्वांत कमी असतो.

ट्रेलर हे माल वाहण्याचे साधन आहे, प्रवाशांचे नव्हे. तरीही हंगामाच्या आरंभी बीड जिल्ह्यातून तसेच पाथर्डी परिसरातून निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचा संसार ट्रेलरमध्ये भरलेला दिसतो. भांडीकुंडी, धान्य, लेकरे आणि कोयते घेऊन हा प्रवास अनेकदा रात्रीचा होतो. मागचा दिवा चालू असणे हा या कुटुंबांच्या जिवाचाही प्रश्न असतो.

## दिव्यांचे महत्त्व

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागील लाल दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. या अंतराचा अर्थ साध्या गणिताने समजतो. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहे आणि मागून मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने येत आहे, असे मानू. दोहोंमधील अंतर दर सेकंदाला सुमारे १७ मीटरने कमी होते. लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला तर मोटारचालकाला सुमारे ९ सेकंद मिळतात. दिवा बंद असून ट्रेलर केवळ मोटारीच्या खालच्या झोतात ५० मीटरवर दिसला, तर जेमतेम ३ सेकंद उरतात. वेग कमी करण्याची गरज ओळखून ब्रेक लावण्यातच त्यांतील बराचसा वेळ जातो.

## रचना

बहुतेक ट्रॅक्टरची विद्युत यंत्रणा १२ व्होल्टची असते. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत जातो. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचे सॉकेट असते व ट्रेलरच्या दांडीवरून आलेल्या केबलचा प्लग त्यात बसतो. १२ व्होल्टच्या सात पिनी जोडणीसाठी आय.एस.ओ. १७२४ हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्यातील पिनांचा क्रम पुढीलप्रमाणे आहे.

| पिन | काम | तारेचा रंग |
|---|---|---|
| १ | डावा इंडिकेटर | पिवळा |
| २ | धुक्यातील मागचा दिवा किंवा अतिरिक्त वापर | निळा |
| ३ | अर्थिंग | पांढरा |
| ४ | उजवा इंडिकेटर | हिरवा |
| ५ | उजवा मागचा दिवा | तपकिरी |
| ६ | ब्रेकचा दिवा | लाल |
| ७ | डावा मागचा दिवा | काळा |

स्थानिक कारखान्यात बांधलेल्या ट्रेलरमध्ये रंग आणि क्रम याप्रमाणेच असतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून रंगावर विसंबून न राहता प्रत्येक तार प्रत्यक्ष तपासणे इष्ट असते.

मागील दिव्यात बहुधा दोन तंतूंचा २१/५ वॅटचा बल्ब असतो. ५ वॅटचा तंतू रात्रभर जळतो, तर २१ वॅटचा तंतू ब्रेक दाबल्यावर पेटतो. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा असतो. दोन ट्रेलर असल्यास पहिल्या ट्रेलरच्या मागेही सॉकेट असते व तेथून दुसऱ्या ट्रेलरला जोडणी दिली जाते.

### अर्थिंग

वीज दिव्यापर्यंत जाते तशीच ती बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत परत यावी लागते. या परतीच्या मार्गाला वाहनाच्या भाषेत अर्थिंग म्हणतात. दिव्याची परतीची तार बोल्टने चेसिसला जोडलेली असते. काही ट्रेलरमध्ये चेसिसपासून ट्रॅक्टरपर्यंत स्वतंत्र तार दिलेली नसते आणि परतीचा प्रवाह हुकाच्या पिनेतून जाईल अशी अपेक्षा ठेवलेली असते. पिनेला ग्रीस व गंज लागलेला असतो आणि रस्त्याच्या धक्क्यांनी ती हलत राहते. त्यामुळे दिवे लुकलुकतात किंवा बंद पडतात. सॉकेटच्या तिसऱ्या पिनेतून स्वतंत्र अर्थिंगची तार नेणे हाच यावरील टिकाऊ उपाय होय.

### तारेची जाडी

दुसऱ्या ट्रेलरच्या शेपटापर्यंत तारेची लांबी १५ मीटरपर्यंत जाऊ शकते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध जाऊन-येऊन सुमारे अर्धा ओहम भरतो. ब्रेकचे दोन बल्ब पेटल्यावर या तारेतच दीड व्होल्टहून अधिक दाब खर्च होतो आणि बल्बचा प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटतो. २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तार वापरल्यास ही घट निम्म्याहून कमी होते. अंगणात उभ्या ट्रॅक्टरला एकच ट्रेलर जोडून पाहिल्यास हा दोष ध्यानात येत नाही; दोन्ही ट्रेलर जोडून, सर्व दिवे लावून व ब्रेक दाबूनच तो कळतो.

## नवीन ट्रेलरमध्ये आढळणारे दोष

नवीन ट्रेलर निर्दोष असतो, हा समज बरोबर नाही. बांधणीच्या वेळी राहिलेल्या त्रुटी पहिल्या काही खेपांतच उघड होतात.

* रंगावर बसवलेले अर्थिंग: चेसिसला रंग दिल्यानंतर त्यावरच अर्थिंगचा बोल्ट आवळला, तर रंगाच्या थरामुळे प्रवाह नीट परतत नाही. त्या जागेचा रंग खरवडून लोखंड उघडे करावे, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे.
* सैल टोके: तारा केवळ पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड धक्क्यांनी सुटतात व पावसात गंजतात. दाबून बसवलेली किंवा डाखलेली टोके टिकतात.
* तारेची चुकीची वाट: हायड्रॉलिक ट्रेलरचा हौदा वर उचलला जाताना बिजागरीजवळची तार चिमटते. चेसिसच्या भोकातून रबरी बुचाशिवाय नेलेली तार घासून उघडी पडते.
* आखूड केबल: सरळ रस्त्यावर पुरणारी केबल तीव्र वळणावर ताणून निसटते. फार लांब केबल जमिनीला घासते.
* डावे-उजवे अदलाबदल: डावा इंडिकेटर दिल्यावर उजवा दिवा लागणे. दिवा लागतो म्हणून हा दोष नजरेतून सुटतो, पण तो बंद दिव्यापेक्षाही घातक असतो.
* दिव्यांची जागा: ट्रेलरबाहेर लोंबणारे उसाचे वाढे मागील दिवे झाकून टाकतात. अशा वेळी विद्युत यंत्रणा पूर्ण निर्दोष असूनही दिवा दिसत नाही.

विद्युत यंत्रणेखेरीज नवीन ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या काही खेपांनंतर पुन्हा आवळावे लागतात. चाकाचा तुंबा हात लावता येणार नाही इतका तापत असेल, तर बेअरिंग अधिक आवळले गेले आहे किंवा त्यात ग्रीस कमी आहे असे समजावे. हायड्रॉलिक हौदा वर जाऊन खाली येत नसेल, तर प्रथम तेलाच्या नळीचा कपलर पूर्ण बसला आहे का हे पाहावे. मात्र भक्कम टेकू दिल्याशिवाय उचललेल्या हौद्याखाली कधीही जाऊ नये.

## दोषशोधनाची पद्धत

दोषशोधनाचे मुख्य सूत्र म्हणजे ट्रॅक्टरकडून मागे जात प्रत्येक टप्पा स्वतंत्र तपासणे. सरसकट बल्ब बदलत जाण्याने वेळ व पैसा दोन्ही वाया जातात. टेस्ट लॅम्प (दोन तारा जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब) आणि साधा मल्टीमीटर एवढी साधने पुरेशी असतात.

1. ट्रेलरचा प्लग काढून ट्रॅक्टरचे स्वतःचे दिवे तपासावेत. तेही बंद असतील तर दोष फ्यूज, स्विच किंवा बॅटरीकडे असतो.
2. ट्रॅक्टरच्या सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्पचे एक टोक अर्थिंगच्या पिनेला व दुसरे क्रमाने इतर पिनांना लावावे. प्रत्येक स्विचबरोबर योग्य ती पीन जिवंत होते का हे पाहावे.
3. सॉकेट ठीक असेल, तर १२ व्होल्टच्या दुसऱ्या बॅटरीने फ्यूजमार्गे ट्रेलरच्या प्लगमधील एकेका पिनेला वीज द्यावी. दिवा लागला तर ट्रेलरची बाजू निर्दोष असून दोष प्लग व सॉकेटच्या संपर्कात आहे.
4. दिवा न लागल्यास होल्डरपाशी दाब मोजावा. दाब आहे पण दिवा नाही, तर बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग यांत दोष असतो.
5. दिव्याच्या अर्थिंगपासून प्लगच्या तिसऱ्या पिनेपर्यंत एक तात्पुरती तार लावावी. दिवा लखख झाला, तर अर्थिंगचा दोष सिद्ध होतो.
6. शेवटी दोन्ही ट्रेलर जोडून, सर्व दिवे लावून एका माणसाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे.

नुसत्या मल्टीमीटरची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मल्टीमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्यातून नगण्य प्रवाह वाहतो. टेस्ट लॅम्प मात्र अशा तारेवर मंद जळतो. म्हणून जुने कारागीर टेस्ट लॅम्पवर अधिक भरवसा ठेवतात.

### लक्षणे व संभाव्य कारणे

| लक्षण | संभाव्य कारण | उपाय |
|---|---|---|
| ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद उजळतो | अर्थिंग सैल. प्रवाह दुसऱ्या दिव्यातून परततो | अर्थिंगचा बोल्ट साफ करून आवळणे |
| धक्क्यागणिक दिवे लुकलुकतात | प्लग सैल किंवा परतीचा मार्ग हुकातून | पिना घट्ट करणे, स्वतंत्र अर्थिंग देणे |
| इंडिकेटर फार जलद लुकलुकतो | एक बल्ब गेलेला, किंवा फ्लॅशर वाढलेल्या भाराला अनुरूप नाही | बल्ब तपासणे, योग्य फ्लॅशर बसवणे |
| फ्यूज वारंवार जातो | उघडी तार चेसिसला टेकते | बिजागरी व भोकांजवळची तार तपासणे |
| मागच्या ट्रेलरचेच दिवे मंद | बारीक तार किंवा गंजलेले जोड | जाड तार वापरणे, जोड नव्याने करणे |

### फ्यूजविषयी दक्षता

फ्यूज जळणे हा दोष नसून दोषाची सूचना असते. त्याच्या जागी तारेचा तुकडा किंवा अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्यास पुढील वेळी फ्यूजऐवजी केबल तापते. ट्रेलरमध्ये वाळलेले पाचट असल्याने आगीचा धोका वाढतो.

## रिफ्लेक्टर व पर्यायी खबरदारी

परावर्तक पट्टीला बोलीभाषेत ‘रेडियम’ म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यात रेडियम हे मूलद्रव्य नसते व ती स्वयंप्रकाशितही नसते. मागील वाहनाचा प्रकाश ती परत फेकते. ट्रेलरची वीज पूर्ण बंद पडली तरी ती काम करते, हा तिचा गुण. परंतु चिखल, धूळ किंवा लोंबत्या वाढ्यांनी झाकली गेल्यास ती निरुपयोगी होते. त्यामुळे ती दिव्याला जोड ठरते, पर्याय नव्हे.

ट्रेलर रस्त्यात बंद पडल्यास तो शक्य तितका कडेला घेऊन मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. चाकांना लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकावेत. रस्त्यात राहिलेला दगड रात्री दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो.

## प्रवासी ट्रेलरशी तुलना

पर्यटनासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रवासी ट्रेलरला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. अशा ट्रेलरच्या मागील दिव्यांची जोडणी तत्त्वतः शेती ट्रेलरसारखीच असते. मात्र आत राहण्याची सोय असल्याने त्यात आणखी दोन यंत्रणा असतात. पहिली स्वतंत्र बॅटरीवर चालणारी १२ व्होल्टची यंत्रणा दिवे, पंखा व पाण्याचा पंप चालवते. दुसरी, मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या विजेची. शेती ट्रेलरमधील १२ व्होल्टच्या दाबाने सहसा विजेचा धक्का बसत नाही. २३० व्होल्टचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून त्या भागात गळतीप्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. आणि योग्य अर्थिंग आवश्यक असते, व त्याची दुरुस्ती परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. दोषशोधनाचे सूत्र मात्र तेच राहते: वीजस्रोतापासून उपकरणाकडे एकेक टप्पा तपासत जाणे.

## हेही पाहा

* ट्रॅक्टर
* ऊस
* सहकारी साखर कारखाना
* नेवासा तालुका
* ओहमचा नियम