जुन्या ध्वनिफितींचे मार्के : संग्रह व इतिहाससाधन

इतिहासाच्या साधनांत नाणी, ताम्रपट, बखरी व दफ्तरे यांना जे स्थान आहे, तेच विसाव्या शतकापुरते तरी ध्वनिमुद्रणालाही द्यावे लागते. परंतु ध्वनिमुद्रण म्हणजे केवळ ऐकू येणारा आवाज नव्हे. तो आवाज ज्या फितीवर उतरविला गेला ती फीत ही स्वतः एक वस्तू आहे आणि तिच्यावर तिच्या निर्मात्याचा मार्का आहे. अशा जुन्या मार्क्यांच्या कोऱ्या व मुद्रित फिती आणि कॅसेटी जमविणारे हौशी संग्राहक अनेक देशांत आहेत. त्यांच्या छंदाकडे पोस्टाची तिकिटे किंवा काडेपेट्यांवरील चित्रे जमविण्यासारखा एक विरंगुळा म्हणून पाहण्याची आपली प्रवृत्ती असते. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, मार्क्यांचे हे ज्ञान मुद्रणाचा काल ठरविण्यास उपयोगी पडते. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ते मुद्रण कोणत्या उपायाने वाचेल व कोणत्या उपायाने नष्ट होईल, याचा निर्णयही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असतो.

चुंबकीय ध्वनिफितीचा उगम जर्मनीतील आहे. ड्रेस्डेन येथील फ्रित्स प्फ्लॉयमर याने कागदाच्या पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट १९२८ साली नोंदविले. सिगारेटच्या टोकांना धातूचा रंग चढविण्याच्या कामाचा त्याला पूर्वानुभव होता. १९३२ मध्ये ए.ई.जी. कंपनीने त्याचे हक्क घेतले. यंत्र ए.ई.जी.ने बनवावे व फीत आय.जी. फार्बेनच्या लुडविग्सहाफेन येथील कारखान्याने, म्हणजे पूर्वीच्या व पुढच्या काळातील बी.ए.एस.एफ.ने बनवावी, अशी वाटणी झाली. १९३४ मध्ये ५०,००० मीटर फीत तयार झाली आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' यंत्र लोकांसमोर आले. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी सर थॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे वादन लुडविग्सहाफेन येथे ह्याच यंत्रावर मुद्रित करण्यात आले.

आरंभीच्या ह्या फितीची आधारपट्टी सेल्युलोज ॲसिटेटची होती. पुढे १९४३ च्या जुलैत लुडविग्सहाफेन येथे मोठा स्फोट होऊन फितीचे उत्पादन विस्कळीत झाले, आणि युद्धाच्या उत्तरकाळात पी.व्ही.सी. ह्या दुसऱ्या द्रव्याच्या फितीवर भर देण्यात आला. म्हणजे एकाच कारखान्याच्या मालात काही वर्षांच्या अंतराने मूळ पदार्थच बदलला. म्हणून संग्राहक केवळ कारखान्याचे नाव पाहून थांबत नाहीत. नावापुढील प्रकाराचे अक्षर वा क्रमांकही ते टिपून ठेवतात.

युद्धानंतर ही विद्या जर्मनीबाहेर पसरली. अमेरिकन सैन्यातील अधिकारी जॅक मलिन याने दोन मॅग्नेटोफोन यंत्रे व ५० फिती स्वदेशी नेल्या आणि १९४६ च्या मे महिन्यात सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्यांचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढील वर्षी बिंग क्रॉस्बी यांचे रेडिओ कार्यक्रम ह्याच यंत्रांवर मुद्रित होऊ लागले. ३ एम कंपनीने 'स्कॉच' मार्क्याची फीत बाजारात आणली. जॉन ऑर ह्या दुसऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याने अलाबामा राज्यातील ओपेलायका येथे कारखाना काढून 'आयरिश' नावाची फीत विकली. हा कारखाना १९५९ मध्ये ॲम्पेक्सकडे गेला. इकडे जर्मनीचे दोन तुकडे झाल्यामुळे 'आग्फा' हे नाव काही काळ दोन्ही बाजूंस चालू राहिले. पूर्वेकडील व्होल्फेनच्या कारखान्याने १९६४ मध्ये 'ओरवो' हे नवे नाव घेतले. तेव्हा 'ओरवो' असे छापलेली फीत १९६४ पूर्वीची असू शकत नाही. नाण्यावरील राजाच्या नावावरून ज्याप्रमाणे नाण्याची पूर्वमर्यादा निश्चित होते, त्याप्रमाणेच येथे मार्क्यावरून फितीची पूर्वमर्यादा मिळते.

तथापि ह्या पुराव्याचा उपयोग करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. खोके हा फितीचा पुरावा नव्हे. वापरणारे लोक एका रिळाचे खोके दुसऱ्यास लावीत, रिकाम्या रिळावर भलतीच फीत गुंडाळीत आणि तुटलेल्या फितीस दुसऱ्या मार्क्याचा तुकडा जोडीत. म्हणून फितीच्या अंगावरील खूण पाहावी लागते. बी.ए.एस.एफ. व आग्फा यांच्या अनेक फितींच्या पाठीवर नाव व प्रकार सलग छापलेले असतात. त्यांच्या बाबतीत हे काम सोपे आहे. जेथे पाठ कोरी आहे, तेथे फितीचा रंग, पाठीवरील काळा लेप, जाडी आणि आरंभीचा रंगीत जोडतुकडा यांची तुलना ज्ञात नमुन्याशी करावी लागते. असे ज्ञात नमुने, म्हणजे न उघडलेल्या खोक्यातील मूळ फिती, संग्राहकांजवळच सापडतात. त्यांच्या संग्रहाचे शास्त्रीय मूल्य ह्यातच आहे.

आता जतनाचा प्रश्न पाहू. जुन्या फितींच्या आधारपट्ट्या मुख्यतः चार : कागद, ॲसिटेट, पी.व्ही.सी. आणि १९५० नंतरच्या दशकात आलेले पॉलिएस्टर. ॲसिटेटचे रीळ दिव्यासमोर धरून बाजूने पाहिले असता वेटोळ्यांतून प्रकाश झिरपतो; पॉलिएस्टरमधून तो येत नाही. ॲसिटेटची फीत ताणली असता सरळ तुटते, पॉलिएस्टरची लांबत जाते. ॲसिटेट जीर्ण होऊ लागले की त्यास शिरक्यासारखा आंबूस वास येतो, ते आक्रसते व ठिसूळ होते. ह्या दृष्टीने पॉलिएस्टर अधिक टिकाऊ ठरले. परंतु त्याच्या काही फितींत दोष वेगळ्याच ठिकाणी निघाला. १९७० ते १९९० ह्या काळातील ॲम्पेक्स ४०६ व ४५६ यांसारख्या नामांकित व्यावसायिक फितींत चुंबकीय कण धरून ठेवणारे पॉलियुरेथेनचे बंधकद्रव्य हवेतील ओल शोषून विघटित होते. मग फीत चिकट बनते, यंत्रावर किंचाळते आणि तिचा लेप सुटून यंत्रमुखावर बसतो.

अशा चिकट फितीवर रूढ उपाय असा की, ती सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सियसच्या स्थिर, कोरड्या उष्णतेत कित्येक तास ठेवावी. त्यायोगे ती काही आठवडे वाजविण्याजोगी होते आणि तेवढ्या अवधीत तिची प्रत काढून घ्यावी लागते. परंतु हाच उपाय ॲसिटेटच्या फितीवर केल्यास ती आक्रसून कायमची निकामी होण्याचा धोका असतो. एका फितीस जे औषध, तेच दुसरीस विष. दोन्ही फिती तपकिरी, दोन्ही पाव इंच रुंद, दोन्ही सात इंची रिळावर गुंडाळलेल्या. भेद सांगतो तो मार्का व प्रकारक्रमांक. ज्या संग्रहालयाने खोके फेकून देऊन केवळ गायकाचे नाव नोंदविले, त्याने ह्या निर्णयाचा एक मोठा आधार गमावला असे म्हणावे लागते.

कॅसेटीच्या बाबतीत कालनिर्णयाचा मुद्दा अधिक ठळक होतो. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही चपटी डबी मांडली. तीतील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असून तिची गती सेकंदास ४.७६ सेंटिमीटर होती. इतर कारखान्यांना हाच आकार वापरण्याची मुभा मिळाल्यामुळे तो सर्वत्र एकसारखा झाला आणि स्पर्धा उरली ती आतील लेपाची. १९७० नंतर क्रोमियम डायऑक्साइड आले, १९७५ मध्ये टीडीकेने कोबाल्टयुक्त लेपाची 'एसए' काढली आणि त्या दशकाच्या अखेरीस शुद्ध धातूच्या कणांची फीत आली. आता समजा, '१९६८ ची मैफल' असे लिहिलेली एक 'एसए' कॅसेट हाती आली. ती मूळ मुद्रण नव्हे, १९७५ नंतर काढलेली प्रत होय, हे न वाजविताही सांगता येते. आणि मूळ रीळ कोठेतरी असण्याचा संभव असल्यामुळे शोध तेथे संपत नाही, तेथून सुरू होतो.

महाराष्ट्रात ह्या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. आपल्याकडील मैफली, कीर्तने, व्याख्याने व नाट्यप्रयोग यांची पुष्कळशी मुद्रणे खाजगी घरांत रिळांवर व कॅसेटींवर झालेली आहेत. १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ह्या संस्थेने संगीताच्या ध्वनिमुद्रणांसाठी काढलेले संग्रह व संशोधन केंद्र आरंभी पुण्यातच होते. पुढे ते दिल्लीच्या परिसरात गेले. परंतु कोणतेही एक केंद्र सर्व घरांतील कपाटांपर्यंत पोहोचू शकत नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने चुंबकीय फितींविषयी जागतिक पाहणी हाती घेतली, तेव्हा वाजविण्याची यंत्रेच २०२५ च्या सुमारास दुर्मीळ होतील, असा इशारा त्या क्षेत्रातील जाणकारांनी दिला होता. ती मुदत आता उलटली आहे.

येथे संग्राहक व इतिहासकार यांच्या हितांत एक विरोधही आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. संग्राहकास न उघडलेली फीत प्रिय, इतिहासकारास वापरलेली. टीडीकेच्या 'एमए-आर'सारख्या धातूच्या चौकटीच्या कॅसेटीला बाजारात चांगली किंमत येते ती डबीमुळे, आतील आवाजामुळे नव्हे. परिणामी वापरलेल्या कॅसेटी व रिळे पुसून 'पुन्हा वापरण्याजोगी' म्हणून विकली जातात. जुने ताम्रपट तांब्याच्या भावाने वितळविण्यासारखाच हा प्रकार आहे. कोणाचा आवाज त्यात गेला, हे मग कधीच कळत नाही.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, ग्रंथालये व संशोधनसंस्था यांनी ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत गायक, स्थळ व काल यांजबरोबर फितीचा मार्का, प्रकारक्रमांक, आधारपट्टी, पाठीवरील छपाई आणि खोक्यावरील हस्ताक्षर यांची नोंद करावी, आणि खोके व फीत यांचा मेळ बसतो की नाही तेही लिहावे. दुसरी अशी की, मुद्रित फीत विकण्यापूर्वी वा पुसण्यापूर्वी तिची एक प्रत काढण्याचा नियम संग्राहकांनी आपणहून पाळावा. त्यांनी जमविलेल्या मार्क्यांच्या ज्ञानाची अभ्यासकांस गरज आहे. तसेच त्यांच्या हाती आलेल्या डबीतील आवाज कोणाचा, हे सांगण्यास अभ्यासक लागतो. हे सहकार्य जितके लवकर घडेल तितकी अधिक मुद्रणे वाचतील.