हेडर, लहान मुलांची मान आणि आपली मैदानं

फुटबॉलमधून हेडर काढून टाकावा का, हा वाद इंग्लंड-अमेरिकेत गेली दहा वर्षं चालू आहे. सातारा-सांगलीत तो अजून पोचलेला नाही. इथे मैदानाचा मान कुस्ती-कबड्डीचा, आणि फुटबॉल म्हटलं की लोक कोल्हापूरकडे बोट दाखवतात. तरीही १९६१ साली सुरू झालेली साताऱ्याची सैनिक स्कूल आहे, पाचगणीच्या निवासी शाळा आहेत; तिथे फुटबॉल खेळला जातोच. १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला त्या २०१७ साली सरकारने १५ सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवला. त्यानंतर ज्या शाळांना हा खेळ ठाऊकही नव्हता तिथेही चेंडू दिसू लागला. चेंडू आला की हेडर येतोच. म्हणून हा प्रश्न आपणही सोडवायला हवा.

माझं उत्तर आधी सांगतो. बारा वर्षांखालच्या मुलांना हेडर पूर्ण बंद करावा, सामन्यात आणि सरावातही. त्यापुढच्या वयात सरावातले हेडर मोजून मारावेत. मोठ्यांच्या सामन्यात तो राहू द्यावा.

हेडरचा धोका म्हणून आपण जे एका दमात बोलतो त्यात तीन वेगळ्या इजा आहेत. पहिली टकरीची: उंच चेंडूवर दोघे झेपावतात आणि कपाळावर कपाळ किंवा कोपर बसतं. दुसरी, चेंडूच्याच एखाद्या जोरदार फटक्याने मेंदूला बसणारा हादरा, डॉक्टरांच्या भाषेत कन्कशन. तिसरी साठत जाणारी. तिच्यात त्या वेळी काहीच दिसत नाही. मुलगा कपाळ चोळतो आणि पुढच्या चेंडूमागे धावतो. अमेरिकेतल्या हायस्कूल खेळाडूंच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हेडर मारताना झालेल्या कन्कशनपैकी मुलांत सुमारे ७८ टक्के आणि मुलींत ६२ टक्के दुसऱ्या खेळाडूशी झालेल्या टकरीतून आले होते. यावरून काही जण म्हणतात की दोष हेडरचा नाही, धसमुसळ्या खेळाचा आहे; पंचांनी कडक शिट्टी वाजवली की झालं. टकरीपुरतं ते खरं आहे. साठणाऱ्या इजेपुढे मात्र शिट्टी निरुपयोगी, कारण ती मुख्यतः सरावात होते आणि सरावात पंच नसतो.

धक्का केवढा असतो ते मोजून पाहू. ४३० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने आला, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. लांबून मारलेल्या किकला एवढा वेग सहज असतो. कपाळाला लागून तो सेकंदाला १० मीटर वेगाने उलट गेला, तर वेगातला एकूण बदल २५ मीटरचा झाला. चेंडू कपाळाला टेकतो तो सेकंदाचा साधारण ऐंशीवा भाग. यातून सरासरी बल येतं ८६० न्यूटन, म्हणजे क्षणभरच का होईना, जवळजवळ ८८ किलोचा भार. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. मान ताठ धरली असेल तर त्यामागे सगळं धड उभं राहतं आणि डोकं फारसं हलत नाही. मान ढिली असेल तर डोकं एकटं पडतं, झटक्यात मागे जातं किंवा वळतं. कवटीतला मेंदू द्रवात असतो; कवटी वळताना तो किंचित मागे राहतो आणि आतले लांब तंतू ताणले जातात. सरळ धक्क्यापेक्षा हा पीळ वाईट. डोक्याला बांधायच्या पट्टीने कपाळ फुटायचं वाचतं, हा पीळ टळत नाही.

आता नऊ-दहा वर्षांचा मुलगा घ्या. त्याच्या डोक्याचा घेर मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला असतो, पण अंगाचं वजन पंचवीस-तीस किलो आणि मान काडीसारखी. शाळेच्या सरावात पीटीचे सर रांग लावून हाताने चेंडू फेकतात तेव्हा पाहावं: पहिली एक-दोन मुलं सोडली तर बाकीची ऐन वेळी डोळे मिटून मान आखडून घेतात, आणि जो कपाळावर, केसांच्या रेषेखाली घ्यायचा तो चेंडू टाळूवर आदळतो. सरांचं ओरडणं रास्त असतं, पण डोळे मिटणं ही त्या वयाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती ओरडून जात नाही.

दूरच्या परिणामांचा पुरावा परदेशातून येतो. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ अ‍ॅसल २००२ साली ५९व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने गेला. त्याच्या मृत्यूचं कारण त्याचा व्यवसायच असल्याचा निर्णय तिथल्या चौकशीत झाला. २०१९ साली ग्लासगो विद्यापीठाने ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंची तुलना २३ हजार सामान्य लोकांशी केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू खेळाडूंत साडेतीन पट निघाले. नंतरच्या विश्लेषणात गोलरक्षकांचा धोका सामान्य माणसाइतकाच आणि बचावपटूंचा सुमारे पाचपट आढळला. गोलरक्षक हेडर मारत नाही, बचावपटू सगळ्यांत जास्त मारतो. माझ्या मते याहून बोलका पुरावा या वादात नाही. २०२३ साली स्वीडनमध्ये ६,००७ अव्वल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात धोका दीडपटच निघाला, आणि तिथेही गोलरक्षक सुटलेले. साडेतीन आणि दीड यांत मोठं अंतर आहे आणि ते झाकून ठेवू नये. त्याच स्कॉटिश खेळाडूंत हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारे कमी होते, हेही सांगायलाच हवं. मुलाला फुटबॉलपासून तोडणारा पालक त्याचं नुकसानच करील.

हे सगळे मोठे, व्यावसायिक पुरुष खेळाडू होते. त्यांचे आकडे पाचवीतल्या मुलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न वेगळा विचारावा: हेडर काढला तर त्यांचं काय जातं? त्या वयात चेंडू बहुतेक जमिनीवरच असतो. शिकायचं ते पायाने चेंडू थांबवणं, पास देणं, मोकळी जागा हेरणं. जिथे फायदा जवळजवळ शून्य आहे, तिथे थोडासा धोकाही का घ्यावा? अमेरिकेने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला. मुद्दाम मारलाच तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक मिळते. इंग्लंड-स्कॉटलंडने २०२० साली प्राथमिक वयातल्या सरावातून तो काढला, आणि २०२१ पासून इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला दहाच जोरदार हेडरची मर्यादा घालून दिली.

आपल्याकडे तर काळजीला जास्त कारण आहे, ते चेंडूमुळे. पाच नंबरच्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि हवेचा दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर इतका नियमाने ठरलेला आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार नंबर असतो, ३५० ते ३९० ग्रॅमचा. पण शाळेच्या कपाटात दोन-तीनच चेंडू असतील तर सगळ्या वर्गांना पाच नंबरच मिळतो. हवा सायकलच्या पंपाने भरली जाते, दाब अंगठ्याने पाहिला जातो. शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात. जावळी-पाटणकडे चेंडू पाणी आणि चिखल पिऊन जड होतो; माण, जत, आटपाडीच्या मुरमाड मैदानावर तोच उंच उसळतो, आणि टकरीनंतर पडणाऱ्याचं डोकं दगडासारख्या जमिनीवर आपटतं. प्रयोगशाळेतल्या काट्यावर चेंडू ठेवून पाहायला पाच मिनिटं पुरतात. ते प्रत्येक शाळेने करावं.

नियम बदलला तर खेळ बिघडेल, ही भीती या दोन जिल्ह्यांना तरी नसावी. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पायांची कैची घालणं, त्याचं तोंड दाबून दम तोडणं नियमाने बंद आहे. कबड्डी त्याने दुबळी झाली नाही. पकडी उलट अधिक कसबी झाल्या.

क्रीडाशिक्षकांचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो वजनदार आहे. लहानपणी शिकवलं नाही तर सतराव्या वर्षी मुलगा हेडर मारणार कसा? विभागात कोल्हापूरशी गाठ पडते, तिथे पोरं उंच चेंडूवर तुटून पडतात. यावर उपाय क्रमाचा आहे. बाराव्या वर्षानंतर फुग्यावर किंवा हलक्या स्पंजच्या चेंडूवर डोळे उघडे ठेवायला शिकवावं, मग हाताने हळू फेकलेला चेंडू, आणि लांबून आलेली किक चौदाव्या वर्षानंतरच. सोबत मानेचा व्यायाम. तो शिकवायला परदेशी प्रशिक्षक नको. आपल्या तालमींत मान कमावण्याची परंपरा जुनी आहे. जवळच्या वस्तादाला आठवड्यातून एकदा शाळेत बोलवावं.

यातलं बहुतेक सगळं शाळेला उद्याच करता येईल. १४ वर्षांखालच्या स्पर्धेत बाराच्या आतली मुलंही उतरतात, तेव्हा तिथला नियम जिल्हा क्रीडा कार्यालयाला परिपत्रकात घालावा लागेल. आणि वय कोणतंही असो, टकरीनंतर जो खेळाडू गोंधळला, ओकला किंवा आत्ताचा गोल कुणी केला हे ज्याला आठवेना, त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात सोडू नये, अंतिम सामना असला तरी. त्याला घरी एकटं न पाठवता दवाखान्यात न्यावं.