एका पत्त्यावर अनेक नावं : 'होस्ट' या एका ओळीचा इतिहास

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की आपण शोध कुणी लावला, कधी लावला, याच्या मागे लागतो. माझं म्हणणं असं की आधी एक वेगळा प्रश्न विचारून बघा : कोणती माहिती वाटेत हरवत होती, आणि ती परत मिळवायला काय करावं लागलं? वेब सर्व्हरच्या बाबतीत हा प्रश्न फार उपयोगी पडतो.

1991 च्या मूळ एचटीटीपीमध्ये विनंती एका ओळीची होती : 'गेट' आणि पुढे पानाचा मार्ग. संकेतस्थळाचं नाव त्यात नव्हतंच! डीएनएस नावाचं रूपांतर आयपी पत्त्यात करायचं आणि नाव तिथेच गळून पडायचं. पोस्टमनला इमारत सापडली, पण पाकिटावर कुणाचं नाव नाही, अशातली गत. त्यामुळे एका यंत्रावर दहा संकेतस्थळं ठेवायची तर साधारणपणे दहा आयपी पत्ते लागत. हे पत्ते 32 बिटांचे, म्हणजे सुमारे 430 कोटीच.

जानेवारी 1997 मध्ये आरएफसी 2068 आलं आणि एचटीटीपी 1.1 मध्ये 'होस्ट' ही ओळ सक्तीची झाली. अपाचेमधले नावावर चालणारे व्हर्च्युअल होस्ट याच ओळीवर उभे आहेत. आलेलं नाव 'सर्व्हरनेम'शी किंवा 'सर्व्हरअलायस'शी जुळवायचं; कुठेच जुळलं नाही तर यादीतला पहिला होस्ट उत्तर देतो. भलतंच संकेतस्थळ उघडतंय? आधी हा क्रम तपासा.

आता गंमत बघा. एचटीटीपीएसमध्ये तोच प्रश्न परत आला. प्रमाणपत्र आधी दाखवायचं असतं, 'होस्ट' ओळ नंतर येते. मग कुणाचं प्रमाणपत्र दाखवणार? 2003 मध्ये आरएफसी 3546 ने एसएनआय आणलं : नाव सुरुवातीलाच सांगायचं.

रिव्हर्स प्रॉक्सीमध्ये तिसऱ्यांदा तेच. रिडायरेक्टमध्ये सर्व्हर ब्राउझरला नवा पत्ता देतो आणि ब्राउझर स्वतः तिकडे जातो. रिव्हर्स प्रॉक्सी मात्र स्वतःच आतल्या सर्व्हरकडून उत्तर आणून देतो. त्यामुळे आतल्या सर्व्हरला वाचक दिसत नाही, प्रॉक्सीच दिसतो. म्हणून 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' रूढ झालं. प्रमाणित 'फॉरवर्डेड' आलं ते 2014 मध्ये, आरएफसी 7239 मधून. अपाचेत मूळ नाव आत पोचवायला 'प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट' लागतं, आणि आतल्या सर्व्हरने दिलेले रिडायरेक्ट बाहेरच्या पत्त्याशी जुळवून घ्यायला 'प्रॉक्सीपासरिव्हर्स'.

याचा तुमच्या प्रबंधाशी काय संबंध? सरळ आहे. तुम्ही संदर्भात देता तो डीओआय म्हणजे मुळात एक रिडायरेक्टच. शोधगंगेवरच्या प्रबंधांचे हँडलही तसेच. प्रकाशकाने सर्व्हर बदलला तरी संदर्भ जिवंत राहतो, पण कुणीतरी मागची नोंद वेळेवर बदलली तरच. म्हणजे संदर्भाचं टिकणं हे यंत्रापेक्षा माणसांच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

आणि पद्धतीबद्दल एक. आरएफसी हे उत्तम प्राथमिक साधन आहे. त्यावर क्रमांक असतो, महिना-वर्ष असतं. एकदा प्रसिद्ध झालं की मजकूर बदलत नाही, दुरुस्ती नव्या क्रमांकाने येते. 2068 आणि त्याच्या जागी जून 1999 मध्ये आलेलं 2616 शेजारी ठेवून वाचा. काय बदललं, ते टिपून ठेवा. संशोधनाचा चांगला प्रश्न बऱ्याचदा अशा फरकातच सापडतो.