'क्ष'च्या आधी 'या' होता

आजचा भाग एका अक्षराबद्दल आहे. सहावी-सातवीत फळ्यावर 'क्ष' येतो आणि पाठोपाठ मंत्र येतो: 'बाजू बदलली की चिन्ह बदलायचं.' का बदलायचं? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडतं.

मी कल्याणचा. इथून भुसावळकडे जाणारी गाडी धरली की कसारा घाट, नाशिक, मनमाड करत चाळीसगाव येतं. तिथून जवळच पाटण. या गावाचं नाव भास्कराचार्यांशी जोडलेलं आहे. जन्म १११४. 'लीलावती' आणि 'बीजगणित' ११५०च्या सुमाराचे.

लीलावतीतलं एक गणित माझ्या शब्दांत सांगतो. कमळांची रास आहे. तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला. उरली ६, ती गुरूंना. एकूण किती?

भास्कराचार्य म्हणतात, कुठलीही सोयीची संख्या धरा. ६० धरू. वाटली २०, १२, १०, १५, म्हणजे ५७. उरली ३. हवी होती ६, म्हणजे दुप्पट. मग ६०चीही दुप्पट, १२०. संपलं! या रीतीला नाव आहे इष्टकर्म.

पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही, बरं का. आता 'बीजगणिता'तलं गणित बघा. एकाकडे रोख ३०० आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण १००चं कर्ज. घोडे एकाच किमतीचे, दोघांची संपत्ती सारखी. घोडा केवढ्याला?

५० धरून बघा. पहिल्याचे ६००, दुसऱ्याचे ४००. आता कशाची किती पट करणार? इथे अंदाज अडतो, कारण रोकड आणि कर्ज घोड्याच्या किमतीबरोबर वाढत नाहीत.

म्हणून न कळलेल्या संख्येलाच नाव द्यायचं: यावत्तावत्, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. लिहिताना नुसतं 'या'. अज्ञात संख्या जास्त असतील तर पुढे रंग: कालक, नीलक, पीतक. आणि कर्ज म्हणजे ऋण. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचं.

आता दोघांनाही १०० द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, पहिल्याकडे ४०० झाले. दोघांचे सहा-सहा घोडे बाजूला काढा. ४०० बरोबर ४ घोडे. घोडा १००ला. ताळा करा, दोघांकडे ९००. तर तो मंत्र एवढाच आहे: इकडचं कर्ज फेडायला दिलेले पैसे तिकडे जमा दिसतात.

हे ज्ञान टिकलं कसं? पाटणला शके ११२८चा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने त्याला दान दिलं, असं त्यात लिहिलंय. लेखाचा काही भाग चक्क जुन्या मराठीत आहे. बाजारात माल उघडला की गिऱ्हाईकाकडून राजवाड्याला जाणारा कर आता मठाला. आणि दर घाण्यामागे पळीभर तेल.

मला हा लेख म्हणूनच आवडतो. भास्कराचार्यांचं नाव सगळे घेतात. पण त्यांच्या पुस्तकांवरची शाळा चालली ती तेल्याच्या पळीवर आणि बाजारात आलेल्या गिऱ्हाईकाच्या पैशावर. गणित हुशार मुलांचं, असं कुणी म्हणालं तर त्याला हे नक्की ऐकवा.

भेटू पुढच्या भागात!